उत्तर आल्याशिवाय नाना हलत नाहीत

रेल्वेत आजवर जेवढे ड्रायव्हर होऊन गेले ते सगळे कधी ना कधी निवृत्त झाले, अपवाद फक्त आमच्या सासऱ्यांचा. कागदोपत्री तेही झाले. हार झाले, शाल-नारळ झालं, साहेबाचं भाषण झालं, जोडीदारांनी गुलाल उधळत वाजतगाजत घरी आणून सोडलं. पण वाजंत्रीवाले परत गेले तरी नानांच्या डोक्यातलं इंजिन काही बंद झालं नाही. ते अजूनही भुसावळातल्या त्यांच्या घरात, अंगणात, स्वयंपाकघरात आणि माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर धावत असतं. नाना मूळचे शिरपूरकडचे, पण नोकरीने भुसावळचे झाले आणि निवृत्तीनंतर तिथेच प्लॉट घेऊन घर बांधून राहिले. मी धुळ्याचा, पोटासाठी जळगावला असतो आणि दर रविवारी सासुरवाडीला जेवायला असतो. सासऱ्यांना घाबरणारे जावई पुष्कळ, टाळणारे त्याहून जास्त. मी मात्र चारचौघांत छाती पुढे काढून सांगतो की हे माझे सासरे. छाती पुढे काढली की माझं पोट तिच्याही पुढे जातं आणि नानांची नजर बरोबर तिथेच पडते, पण तेवढं मी सहन करतो.

इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने रंग सांगायचा आणि दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून तोच रंग परत सांगायचा, असा नियम आहे. जन्मभर हे केल्यामुळे नानांना एखादी गोष्ट एकट्याने बघितली तर ती बघितल्यासारखी वाटतच नाही. स्कूटरवर बसले की चौक यायच्या कितीतरी आधी माझ्या कानात "लाल!" म्हणून ओरडतात. मी गप्प राहिलो की पुन्हा "लाल!" आणि मग खांद्यावर थाप. शेवटी मलाही भर रस्त्यात "लाल!" म्हणून ओरडावं लागतं आणि आजूबाजूचे रिक्षावाले माना वळवून आमच्याकडे बघतात. एकदा जळगावात ट्रॅफिकच्या हवालदाराने तोंडातली शिट्टी काढून विचारलं, "काय झालं, भाऊ?" नाना म्हणाले, "काही नही साहेब, तुमचा सिग्नल बरोबर शे." घरातही तेच चालतं. दूध वर यायला लागलं की "पिवळा!" आणि अक्कांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, आवाज जरा चढला की माझ्याकडे झुकून हळूच "दोन पिवळे." दोन पिवळे म्हणजे वेग आवरा, पुढे काय वाढून ठेवलंय ते सांगता येत नाही. माझी बायको म्हणते, तिला अक्षरांच्या आधी रंग ओळखता यायला लागले ते याच्यामुळे.

नानांच्या चालण्यालाही मालगाडीचे नियम लागू आहेत. सुटताना झटका द्यायचा नाही, म्हणून घरातून निघाले की पहिली चार घरं ते इतक्या सावकाश चालतात की शेजारच्यांना वाटतं, नानांचं काहीतरी हरवलंय. एकदा वेग धरला की मग थांबणं अवघड. समोरून कोणी "राम राम, नाना" म्हटलं तर ते ब्रेक तिथेच लावतात, पण थांबतात दोन विजेचे खांब ओलांडून. मागे यायचं नाही, कारण उलटी गाडी हाकायला परवानगी लागते. त्यामुळे राम राम म्हणणाऱ्यालाच दोन खांब चालत जावं लागतं. मला वाटतं, नानांमुळे त्या गल्लीतल्या निम्म्या लोकांची तब्येत सुधारली असावी.

खुद्द नानांची तब्येत मात्र निवृत्तीनंतर बिघडायला लागली होती. नाना आयुष्यभर हिंडले, इटारसीपासून मनमाडपर्यंतचा रूळ न रूळ त्यांच्या ओळखीचा, पण हे सगळं हिंडणं बसून. घरी आल्यावर साखर वाढली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. तेव्हा माझ्या बायकोने त्यांना मनगटावर बांधायचं स्मार्ट घड्याळ आणून दिलं, जे पावलं मोजतं, नाडी मोजतं आणि माणूस फार वेळ बसून राहिला की थरथरून त्याला उठवतं. आम्हाला वाटलं होतं, चार दिवसांत ते कपाटात जाईल. पण त्या थरथरण्याने घात केला. नव्या इंजिनांत अशी एक सोय असते म्हणे, ड्रायव्हरने थोडा वेळ काही हालचाल केली नाही तर दिवा लुकलुकतो, मग आवाज होतो, आणि तरीही ड्रायव्हरने बटण दाबून 'मी जागा आहे' असं कळवलं नाही तर गाडीला आपोआप ब्रेक लागतो. नानांनी हे घड्याळ त्याच जातीचं मानलं. घड्याळ थरथरलं आणि आपण उठलो नाही, तर कुठेतरी काहीतरी कायमचं थांबेल, अशी त्यांची पक्की समजूत झाली.

आमच्याकडे कोणी वारलं की त्या घरी द्वारदर्शनाला जायची रीत आहे. पुरुष मंडळी बाहेर सतरंजीवर बसतात, फार कोणी बोलत नाही, थोड्या वेळाने हात जोडून उठायचं. अशाच एका द्वारदर्शनाला आम्ही दोघं पाचोऱ्याला गेलो होतो. नाना बसले आणि घड्याळ थरथरलं. नाना उठले आणि मान खाली घालून ओट्यापासून अंगणातल्या कडुलिंबापर्यंत येरझाऱ्या घालू लागले. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. शिरपूरकडे अशी पद्धत असावी, असं त्यांना वाटलं असणार, कारण तेही उठले आणि नानांच्या मागे चालू लागले. मग वडीलधारे उभे आहेत आणि आपण बसलोय हे बरं दिसत नाही, म्हणून बाकीचेही उठले. घरचा मुलगा आतून बाहेर आला, सगळे उभे बघून त्याला वाटलं, मंडळी निघाली. त्याने हात जोडले आणि सगळे खरोखरच निघाले. परतीच्या गाडीत नाना समाधानाने म्हणाले, "चांगले लोक शेतस. कोणी बसून नही राहिलं."

एकच गोष्ट नानांना त्या घड्याळाची कधी पटली नाही, ती म्हणजे त्याने केलेलं कौतुक. ठरलेली पावलं पुरी झाली की ते टाळ्यांचा आवाज करतं आणि पडद्यावर फटाके उडतात. "जावईबापू," ते मला एकदा गंभीरपणे म्हणाले, "इतकी वर्षं नोकरी केली, वादळात गाडी वेळेवर आणली, साहेबानं कधी शाबास म्हटलं नही. आणि हे घड्याळ मी बाथरूमपर्यंत गेलो की टाळ्या वाजवतं. याचा काहीतरी मतलब शे." तरीही साखर उतरली, पँट ढिली झाली. निवृत्त मंडळींमध्ये नानांचा दरारा वाढला आणि लोक त्यांना तब्येतीचा सल्ला विचारायला यायला लागले.

आणि मग यंदा होळीच्या सुमारास अक्कांना अर्धांगाचा झटका आला.

अक्का म्हणजे घरातलं उभं माणूस. नानांची ड्युटी केव्हाही लागायची आणि केव्हाही संपायची, पण अक्का बसल्या आहेत असं चित्र आमच्यापैकी कोणाच्याच आठवणीत नाही. त्या जळगावच्या दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा डावा पाय ओढत होत्या, तोंड जरा वाकडं झालं होतं. व्यायाम शिकवायला एक हुशार मुलगी येत असे. तिने आम्हाला बाहेर बोलावून स्पष्टच सांगितलं की हे पुढचे काही महिने हातचे घालवू नका, आत्ता बसल्या तर कायमच्या बसतील. आम्ही सगळे कामाला लागलो. बायकोने समजावलं, रडून बघितलं. मी प्रेरणादायी व्हिडिओ पाठवले. एका व्हिडिओत कोणी कोटवाला गृहस्थ पहाटे डोंगरावर पळत जाऊन मुठी आवळून ओरडत होता. अक्कांनी तो शांतपणे शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाल्या, "ह्या बाबाले काई कामधंदा नही का?" वॉकर आणला होता, तो खुंटीसारखा कपडे टाकायच्या कामी यायला लागला. कोणी फार आग्रह केला की आपलं आता संपलं म्हणत अक्का भिंतीकडे तोंड फिरवत. "माले ऱ्हाऊ द्या. मन्हं व्हई गयं आते."

नानांनी आधी हुकूम सोडून बघितले, ते वाया गेले. दवाखान्यात काढून ठेवलेलं घड्याळ त्यांनी पुन्हा बांधलं नव्हतं. आणि एका सकाळी ते अंगणातल्या फाटकाशी जाऊन उभे राहिले, गल्लीकडे बघितलं आणि ओरडले, "हिरवा!"

उत्तर आलं नाही. नाना जागचे हलले नाहीत. दूधवाला आला, म्हणाला, "नाना, जरा सरका." नाना म्हणाले, "उत्तर नही उनं अजून." पेपरवाला फाटकावरून पेपर टाकून गेला. ऊन चढलं. भुसावळचं चैत्रातलं ऊन म्हणजे काय ते भुसावळकरांनाच विचारावं. नाना टोपीही न घालता उभेच, आणि अधूनमधून "हिरवा!" शेवटी खिडकीतून अक्कांचा वैतागलेला आवाज आला, "हिरवा! जा आते!" नाना दोन खांबांपर्यंत चालून आले आणि खिडकीशी येऊन विचारलं, "तू देखं का?"

"काय देखाले पाहिजे?"

"सिग्नल. देखाशिवाय उत्तर देऊ नही. नियम शे." आणि मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "असिस्टंट नही ते गाडी हालत नही. माले एकट्याले चालता येत नही."

दुसऱ्या दिवसापासून नानांनी आपल्या लोखंडी पेटीतले जुने झेंडे बाहेर काढले, एक लाल, एक हिरवा. रोज सकाळी त्यांतला एक कुठेतरी लावायचा. आधी खिडकीच्या गजाला, तो अक्कांना पडल्या पडल्या दिसे. मग जरा बाजूला, म्हणजे उठून बसल्याशिवाय दिसणार नाही. मग दाराच्या कडीला, ज्यासाठी उभं राहावं लागे. रंग कोणता ते आधी सांगायचं नाही. एकदा अक्कांनी कंटाळून न बघताच "हिरवा" म्हणून टाकलं आणि झेंडा होता लाल. नाना धावत आत आले, चेहरा पांढराफटक. "बठ्ठी गाडी मारी टाकी तू!" अख्खी गाडी मेली, असंच त्यांना वाटलं होतं. त्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघून अक्का हसल्या. झटक्यानंतर पहिल्यांदाच हसल्या, वाकड्या तोंडाने, पण चांगल्या खळखळून. माझी बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. त्या दिवशी अक्कांनी पहिल्यांदा स्वतःचं म्हणून काहीतरी मागितलं. त्यांच्या आजारपणात नाना जी वांगी आणत ती बियांनी भरलेली, त्यांचं भरीत घशाखाली उतरत नव्हतं. अक्का म्हणाल्या, "चौकपावत चालता उनं ना, ते वांगा मीच लयसू." चौकापर्यंत चालता आलं तर वांगी त्याच आणणार. चौक म्हणजे गल्लीच्या टोकाला, जिथे भाजीवाल्या बसतात. धडधाकट माणसाला तो हाकेच्या अंतरावर, पण तेव्हा आम्हाला तो दिल्लीइतका लांब वाटत होता.

झेंडा दारातून ओट्यावर गेला, ओट्यावरून फाटकाकडे सरकू लागला. अक्का वॉकर धरून निघायच्या. अशात माझ्या बायकोला वाटलं, आईची पावलं मोजली तर तिला हुरूप येईल. तिने नानांचं घड्याळ अक्कांच्या चांगल्या हातावर बांधलं. दिवसभर अक्का जिद्दीने खोलीतून ओट्यापर्यंत आणि ओट्यावरून खोलीत फिरल्या. संध्याकाळी आम्ही सगळे मोबाइलभोवती जमलो. घड्याळाने काहीच मोजलं नव्हतं. शून्य. अक्का बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "देखा, घड्याळले बी समजी गयं. मी चालतच नही." आणि पुन्हा भिंतीकडे तोंड. दुसऱ्या दिवशी झेंड्याला उत्तर आलं नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. आमच्या हुशारीने सगळं केलेलं पाण्यात गेलं, असं मला वाटलं.

मी म्हटलं, घड्याळ फेकून द्या. पण नाना यंत्रावर हात उगारणारे नव्हेत. त्यांनी घड्याळ स्वतःच्या मनगटावर बांधलं, अक्कांचा वॉकर घेतला आणि घरभर फिरायला लागले. हा भरभक्कम गृहस्थ वॉकर टेकत टेकत माजघरातून जातोय, हे बघायला शेजारची दोन माणसं दारात उभी राहिली. फिरून झाल्यावर नानांनी घड्याळात बघितलं आणि खूश झाले, कारण त्यांचीही पावलं मोजलेली नव्हती. वॉकर धरला की हात हलत नाही आणि हात हलला नाही की घड्याळाला वाटतं, माणूस उभाच आहे. ते सरळ अक्कांच्या पायाशी बसले आणि घड्याळ त्यांच्या घोट्यावर, पैंजणाच्या वर, बांधायला लागले.

"घड्याळ कोनी पायमा बांधस का? लोके हासतीन!"

"हासू दे. इंजिनना मीटर बी चाकलेच ऱ्हास."

अक्का उठल्या. दारापर्यंत गेल्या, ओट्यावर गेल्या, परत आल्या. नानांनी मोबाइल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. या खेपेला आकडा होता. किती होता ते मला आठवत नाही, कोणालाच आठवत नसेल, पण तो शून्य नव्हता. दोन दिवसांनी घोट्यावरून टाळ्या वाजल्या तेव्हा अक्का दचकून थांबल्या. "काय वाजनं?" नाना म्हणाले, "शाबास म्हनी ऱ्हायनं तुले." आणि या शाबासकीत घड्याळाचा काही मतलब आहे, असं काही ते म्हणाले नाहीत.

पावसाळा सरता सरता अक्का वॉकर सोडून काठीवर आल्या आणि गल्लीत उतरल्या. आता झेंड्यांची गरज नव्हती, पण नियम त्यांच्या अंगात इतका भिनला होता की विचारू नका. एका रविवारी मी पोचलो तर अक्का गल्लीच्या मधोमध काठी टेकून उभ्या, नाना शेजारी उभे आणि पुढे समोरच्या घरच्या वहिनींनी दोरीवर वाळत घातलेली लालभडक साडी. अक्का हलायला तयार नाहीत. लाल म्हणजे लाल. नानांनी सांगून बघितलं की हा सिग्नल नाही, साडी आहे. अक्का म्हणाल्या, "मंग तुमी सांगा, हिरवा शे." नाना काही केल्या तसं म्हणेनात, कारण डोळ्यांसमोर लाल होतं आणि खोटा रंग त्यांनी जन्मात सांगितलेला नव्हता. दोघंही उभे. शेवटी मीच जाऊन वहिनींना हात जोडले, त्यांनी ओली साडी काढली आणि मागून त्यांचीच पोपटी ओढणी दिसली. "हिरवा!" असे दोघं एकदम ओरडले आणि निघाले. मागून त्यांना जाताना बघून मला इतका अभिमान वाटला, इतका, की समोरच्या वहिनींना ओली साडी हातात धरून उभं ठेवून मी त्यांना माझ्या सासू-सासऱ्यांबद्दल पुष्कळ वेळ सांगत बसलो.

तब्येतीबद्दल आणि हुरुपाबद्दल मी मोबाइलवर पुष्कळ वाचतो. वाचताना आडवा असतो. नानांनी त्यातलं काही वाचलेलं नाही. त्यांनी अक्कांना 'तू स्वतःसाठी चाल' असं एकदाही म्हटलं नाही. 'तुझ्यावाचून माझं अडलंय' एवढंच म्हटलं, आणि अडल्याचं नाटक केलं नाही, खरोखर उन्हात अडून दाखवलं.

थंडी पडली, भरताची वांगी बाजारात आली. गेल्या रविवारी सकाळी अक्कांनी पिशवी घेतली, काठी घेतली, घोट्यावरचं घड्याळ घट्ट केलं आणि नाना चप्पल घालायला लागले तशा म्हणाल्या, "आज तुमी येवू नका. मी एकलीच जास." नाना चपलेत पाय घालून तसेच राहिले. अक्का फाटकातून बाहेर पडल्या, इकडे तिकडे बघितलं, स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या आणि सावकाश निघाल्या. वळणावर दिसेनाशा झाल्या.

मी म्हटलं, मी हळूच मागून जाऊन येतो. नानांनी माझा हात धरला आणि मान हलवली. ते फाटकाशी उभे राहिले. थोड्या वेळाने आत आले, पाणी प्यायले, परत फाटकाशी गेले. माझ्या बायकोने चहा आणून दिला, तो फाटकाशेजारच्या कठड्यावर तसाच निवून गेला. गल्लीत रिक्षाचा आवाज झाला की मान उंच करून बघत. अक्कांना उशीर झाला नव्हता, पण नानांच्या कपाळावर त्या थंडीतही घाम होता. एरवी ज्यांना घड्याळाशिवाय वेळ कळते, त्यांनी मला तीनदा विचारलं की किती वाजले. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले,

"वाट बघणं भलतं अवघड शे, जावईबापू."

मी कठड्यावरचा कप त्यांच्याकडे सरकवला, त्यांनी तो बघितलाही नाही.

"मी गाडीवर जायचो. कधी दुसऱ्या दिवशी यायचो, कधी तिसऱ्या. फोन नव्हते तेव्हा. कुठे गाडी घसरल्याची बातमी असायची रेडिओवर. मी आलो की ही ताट वाढायची, मी जेवून झोपायचो." त्यांनी फाटकाची कडी उगाच लावली आणि उघडली. "हिनं कसं केलं असेल एवढी वर्षं? मी कधी विचारलंच नही."

तेवढ्यात वळणावर काठी दिसली आणि मागोमाग अक्का, एका अंगाने किंचित झुकलेल्या, खांद्याला पिशवी. नानांनी त्यांना बघितलं आणि मी काही म्हणायच्या आत भरभर घरात शिरले. मी मागे गेलो तर खुर्चीत पेपर उघडून बसलेले. अक्का आत आल्या, दमल्या होत्या, पण तोंडावर असं तेज की नवी नवरी दारात यावी. पिशवी माझ्या हातात देत म्हणाल्या, "चहा तशाच थंडा व्हई गया. काय करी ऱ्हायनात इतला वेळ?"

"पेपर वाची ऱ्हायनू," नाना म्हणाले.

मी पिशवी उघडली. वांगी हातात हलकी लागत होती, बिया नसलेली, भरताला हवी तशी. अक्का पदराने घाम पुसत बसल्या आणि भाजीवालीशी केलेली घासाघीस माझ्या बायकोला रंगवून सांगू लागल्या. नानांनी पेपरच्या कडेवरून एकदा त्यांच्या पायांकडे बघितलं, आणि त्यानंतर कितीतरी वेळ त्यांनी पान उलटलं नाही.